फोटोतला शिपाई

दिवाळीची झाडलोट म्हणजे आपल्या घराघरांतली वार्षिक उत्खननाची मोहीमच. माळ्यावरची ट्रंक खाली येते, तिच्यातली जुनी लुगडी उन्हात पडतात आणि तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून दहा-पाच पिवळे पडलेले फोटो निघतात. पगडी घातलेले कोणी गृहस्थ, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी असलेली नऊवारीतली बाई, अंगरख्यात हरवून गेलेले एक मूल. "हे कोण हो?" म्हणून विचारणा होते. घरातले सर्वांत वडील माणूस चष्मा पुसून, फोटो खिडकीकडे धरून सांगते, "हे बहुधा नानांचे मामेभाऊ." त्या एका 'बहुधा'च्या पायावर पुढच्या तीन पिढ्या कुळाचा इतिहास बांधतात! फोटोच्या पाठीवर नाव लिहून ठेवावे अशी बुद्धी ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवशी कोणालाच होत नाही. कारण त्या दिवशी सगळेच सगळ्यांना ओळखत असतात.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, जुने कागद हे माझे व्यसन आहे. मोडी दस्त, हुंड्या, जमाखर्च यांच्याविषयी मी येथे पुष्कळदा लिहिले आहे. या खेपेला मात्र मी तुम्हांला थोडे दूर, जर्मनीत नेणार आहे. तेथे या बिननावाच्या फोटोंचे दुखणे आपल्यापेक्षा फार मोठे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, जर्मन लष्करी टपालाने सुमारे २८ अब्ज पत्रे, कार्डे आणि पुडकी यांची ने-आण केली. शिपायाच्या कार्डाला तिकीट लागत नसे. छावणीच्या आसपास फोटोग्राफर दुकान थाटून बसलेले असत. नवा गणवेश अंगावर चढला की शिपाई तेथे जाऊन उभा राही आणि फोटो थेट पोस्टकार्डाच्या जाड कागदावर छापून मिळे. एकाच काचेवरून हव्या तितक्या प्रती निघत. एक आईला, एक बायकोला, उरलेल्या सोबत्यांना. आज जर्मनीतल्या कोणत्याही जुन्या बाजारात चपलांच्या खोक्यांतून ही कार्डे रचून ठेवलेली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर नाव नसते.

मग या शिपायाला ओळखायचे कसे? मला या विद्येची गोडी लागली ती आपल्याच अहमदनगरमुळे. (त्या गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना सरकारने तेथे स्थानबद्ध करून ठेवले होते. त्या कैद्यांविषयी वाचता वाचता मी त्यांच्या देशबांधवांच्या टोप्या आणि बक्कले यांच्यात कधी अडकलो, ते मलाच कळले नाही. मराठीच्या प्राध्यापकाने करण्याजोगा हा उद्योग नव्हे, असे घरातून अधूनमधून ऐकू येते, ते सोडून द्या.

पहिली गोष्ट ही की, त्या वेळी 'जर्मन सैन्य' हे जितके एक दिसते तितके एक नव्हते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेंबर्ग अशी राज्ये साम्राज्यात होती आणि प्रत्येकाने आपापल्या खुणा अभिमानाने जपल्या होत्या. शिपायाच्या बिनछज्जाच्या गोल टोपीवर एकाखाली एक असे दोन वाटोळे बिल्ले असत. वरचा साम्राज्याचा, खालचा राज्याचा. प्रशियाचा काळा-पांढरा-काळा, बव्हेरियाचा पांढरा-निळा-पांढरा, वुर्टेंबर्गचा काळा-तांबडा-काळा. कमरेच्या बक्कलावर प्रशियन शिपायाच्या 'देव आमच्यासंगे' असे बोधवाक्य असे, तर बव्हेरियन आणि वुर्टेंबर्गी शिपायांची बोधवाक्ये निराळी. खांदेपट्टीवर पलटणीचा आकडा असे. हे आकडेही बोलके असत. वुर्टेंबर्गच्या मूळच्या पायदळ पलटणींचे आकडे ११९ ते १२७ आणि १८०. म्हणजे खांद्यावर १८० दिसले की माणूस कुठल्या मुलखातला, याचा पुष्कळसा उलगडा झाला.

परंतु येथे एक मोठी गंमत आहे. फोटोत रंग नाहीत, आणि जे काळे-पांढरे आहे तेही सरळ नाही! त्या काळच्या पुष्कळशा काचांना तांबडा रंग दिसतच नसे, निळा मात्र वाजवीपेक्षा जास्त दिसे. त्यामुळे फोटोत तांबडे ते काळे होई आणि निळे ते पांढुरके. बव्हेरियाचा पांढरा-निळा-पांढरा बिल्ला सगळा फिकट दिसतो, वुर्टेंबर्गचा काळा-तांबडा-काळा सगळा काळाठिक्कर. प्रशियाच्या बिल्ल्यात तेवढे पांढरे कडे स्पष्ट उमटते. हे ज्याला माहीत नाही, त्याने भिंग घेऊन कितीही डोळे फोडले तरी उपयोग नाही.

काळ ठरवण्याच्या खुणा याहून सोप्या. चामड्याचे, डोक्यावर टोक असलेले ते प्रसिद्ध शिरस्त्राण असेल तर बहुधा युद्धाची पहिली दोन वर्षे. लोखंडी शिरस्त्राण १९१६ च्या आरंभी व्हर्दूनच्या लढाईत प्रथम दिसले. ते असेल तर फोटो त्यानंतरचा. अंगरख्याच्या पुढल्या गुंड्या उघड्या असतील तर कापड १९१० च्या नमुन्याचे. गुंड्या पट्टीखाली झाकलेल्या असतील तर १९१५ च्या शरद ऋतूत निघालेला नवा, साधा नमुना. युद्ध लांबले तशी शोभा कमी होत गेली, हे गुंड्यांवरूनसुद्धा कळते.

आणि चेहरा? चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये, हा या विद्येतला पहिला धडा. २ ऑगस्ट १९१४ रोजी म्युनिकच्या ओडेऑन चौकात जमलेल्या अफाट गर्दीचा एक फोटो हाइनरिख होफमान या फोटोग्राफरने काढला होता. पुढे १९३२ साली त्या गर्दीत तरुण हिटलरचा उल्हसित चेहरा 'सापडला' आणि तो नाझी प्रचारात गाजला. हजारोंच्या गर्दीतून नेमका तोच चेहरा, नेमका हवा तेव्हा मिळावा, हे नवलच. २०१० साली गेर्ड क्रुमाइश या जर्मन इतिहासकाराने त्या फोटोच्या खरेपणाबद्दल जाहीर शंका घेतली. मुद्दा एवढाच की, ज्याला जो चेहरा शोधायचा असतो, त्याला तो दिसतो.

हे सारे पुराण सांगण्याचे कारण आता सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त स्टुटगार्टजवळच्या एका गावात असतो. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. तो त्यांना आमच्याशी बोलताना 'आजी'च म्हणतो. आजींच्या बैठकीच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, एका चौकटीत शिपायाचा एक फोटो टांगलेला आहे. ते त्यांचे आजोबा. दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाचा म्हणून जो रविवार तिकडे पाळतात त्या दिवशी, आजी त्या फोटोपुढे मेणबत्ती लावतात. आजोबा १९१६ च्या जुलैत सोम नदीवरच्या लढाईत पडले. त्यांचा मुलगा, म्हणजे आजींचे वडील, दुसऱ्या महायुद्धात रशियात बेपत्ता झाला. तेव्हा आजी तीन वर्षांच्या होत्या. घराण्यातल्या पुरुषांपैकी त्यांच्यापाशी उरले आहेत ते असे कागदावरचे.

विद्यार्थ्याने त्या फोटोची छबी मोबाईलवरून मला धाडली आणि लिहिले, "सर, आजींना आजोबांची पलटण कोणती ते हवे आहे. तुम्हांला काही सांगता येईल का?"

पलटण सापडायला फार कष्ट पडले नाहीत. युद्धकाळात जर्मन सरकार मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या छापून प्रसिद्ध करीत असे. त्यांतल्या सुमारे ८५ लाख नोंदी अलीकडे तिकडच्या हौशी वंशावळकारांनी खपून खपून संगणकावर चढवल्या आहेत. (आपल्याकडच्या कुलवृत्तान्त मंडळींनी हेवा करावा असे हे काम आहे.) आजोबांचे नाव आणि गाव माहीत होते. दोन नोंदी निघाल्या. १९१५ च्या अखेरीची एक, 'किरकोळ जखमी'. १९१६ ची दुसरी, 'पडला'. पलटण वुर्टेंबर्गची, १८० वी.

येथे थांबलो असतो तर काम झाले होते. आजी खूश, विद्यार्थी खूश. परंतु मी फोटो मोठा करून पाहिला. झाकलेल्या गुंड्यांचा अंगरखा होता. म्हणजे १९१५ च्या शरदानंतरचा, ते जुळत होते. खांदेपट्टी नेमकी सावलीत गेलेली. टोपीवरचा खालचा बिल्ला मात्र स्वच्छ होता आणि त्यात पांढरे कडे होते. वुर्टेंबर्गच्या शिपायाचा बिल्ला काळाठिक्कर दिसायला हवा. बक्कलही प्रशियन वाटत होते. एकट्या बक्कलावर मी काही म्हटले नसते. लढाईच्या धांदलीत ज्याला जे मिळाले ते त्याने कमरेला लावले, असे घडत असे. पण बिल्ला आणि बक्कल दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर ती ऐकायला हवी. मी विद्यार्थ्याला एवढेच विचारले, "फोटोच्या मागे काही लिहिले आहे का?"

चौकट उघडली गेली. आजी म्हणाल्या, मागे काहीतरी लिहिलेले आहे खरे, पण ते मला वाचता येत नाही. त्यांची आई गेल्यावर, १९८० च्या सुमारास, आजीच्या जुन्या डब्यात त्यांना हे कार्ड मिळाले होते. एकच शिपायाचा फोटो, आजीने जपून ठेवलेला. तो आजोबांचा नाही तर कोणाचा असणार? त्यांनी तो चौकटीत घातला. त्या वेळी गावात ती लिपी वाचणारी म्हातारी माणसे ढिगाने होती; पण ज्याची खात्री असते ते कोण कोणाला विचारायला जातो?

त्या लिपीला कुरेंट म्हणतात. आपल्या मोडीची ती सख्खी मावसबहीण शोभावी. हात न उचलता भराभर लिहायची, टोकदार, डोंगरांच्या रांगेसारखी दिसणारी. तिच्यातला 'ए' आपल्याला परिचित 'एन'सारखा दिसतो आणि 'यू' ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक छोटी चंद्रकोर काढतात. लुडविग स्युटरलिन याने १९११ साली तिचे शाळकरी मुलांसाठी सोपे रूप बेतले आणि प्रशियातल्या शाळांतून ते शिकवले जाऊ लागले. १९४१ साली मात्र नाझी सरकारने ही सगळी जुनी वळणे शाळांतून काढून टाकली. आजींचा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे ज्या लिपीत त्यांच्या घरातली झाडून सगळी पत्रे लिहिलेली, ती त्यांच्या वाट्याला आलीच नाही. आपल्या आजोबांच्या मोडी दस्तापुढे आपण जसे निरक्षर होऊन बसतो, तशाच त्या. लिपी बदलते तेव्हा सरकारी हुकुमात तारीख असते, पण घरातला दुवा नेमका कोणत्या दिवशी तुटला ते कोणी टिपून ठेवत नाही.

मी जर्मन शिकलो ते पुण्यात, संध्याकाळच्या वर्गात, आणि कुरेंट पुस्तकावरून. त्यामुळे कार्डाच्या मागच्या आठ ओळी लावायला मला दोन रात्री लागल्या. तारीख होती १२ जानेवारी १९१६. कोपऱ्यात इस्पितळाचा पुसट शिक्का. दुसऱ्या ओळीत एक शब्द होता, 'नाखबार'. म्हणजे शेजारी. तो शब्द लागला आणि मी दिवा मालवून थोडा वेळ तसाच बसलो. तरीही माझ्या एकट्याच्या वाचनावर विसंबणे बरे नव्हते. हॅम्बुर्गमध्ये काही वयोवृद्ध मंडळी लोकांना अशी जुनी पत्रे वाचून देण्याचे काम सेवा म्हणून करतात. विद्यार्थ्याने तिकडे प्रत धाडली. त्यांचे वाचन माझ्यापेक्षा कितीतरी नीट होते, आणि अर्थ तोच होता. मराठीत तो साधारण असा होईल:

"हात बरा होत आहे, काळजी करू नको. हा फोटोतला माझा शेजारी, पलीकडच्या खाटेवरचा. सिलेशियाचा आहे, सुतारकाम करतो. घरून त्याला जे येते त्यातले अर्धे तो मला देतो. माझ्याजवळ कार्ड नव्हते आणि त्याच्याजवळ स्वतःचे फोटो उरले होते, म्हणून त्याचाच पाठवतो. माझा मी हात मोकळा झाल्यावर काढीन. झोळीतल्या हाताचा फोटो तुला नको. पोराचा मुका घे."

सिलेशिया तेव्हा प्रशियात होते. बिल्ल्यातले पांढरे कडे खरे बोलत होते.

आता प्रश्न आला, आजींना सांगायचे की नाही. त्यावरून आमच्या घरात सरळ दोन तट पडले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, "अहो, चाळीस वर्षे त्या बाई ज्याच्यापुढे मेणबत्ती लावत आल्या, तो परका सुतार होता हे त्यांना या वयात सांगून तुम्हांला काय मिळणार आहे? खोटे म्हणून कोणी सांगितले नव्हते त्यांना. त्यांच्यापुरते ते आजोबाच." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या देवघरातल्या टाकांपैकी कितींची वंशावळ आपण तपासली आहे? माझे म्हणणे निराळे होते. त्या कार्डावर आजोबांचा चेहरा नसेल, पण आजोबांचा हात आहे. शंभराहून अधिक वर्षे ते पत्र भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते आजींचे आहे. ते त्यांच्यापासून दडवण्याचा अधिकार मला नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. "मग हे तुम्ही जाऊन सांगा," असे म्हणून सौभाग्यवती चकल्या तळायला निघून गेल्या. सांगायचे होते विद्यार्थ्याला. त्याने तीन रविवार काढले. दर सोमवारी त्याचा निरोप येई, "सर, काल जमले नाही."

चौथ्या रविवारी कॉफी पिताना त्याने सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पत्र वाचून दाखवायला सांगितले, आणि झाल्यावर पुन्हा एकदा सांगितले. "पोराचा मुका घे" हे वाक्य आले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे पोर म्हणजे माझे वडील." त्यांच्या वडिलांविषयी वडिलांच्या वडिलांनी लिहिलेला एवढाच मजकूर जगात आहे. मग त्यांनी विचारले, "हा सुतार परत घरी गेला का?"

त्याचे उत्तर देता येण्याजोगे नव्हते. पत्रात सुताराचे नाव नाही. असते तरी वाट सोपी नव्हती. बव्हेरिया आणि वुर्टेंबर्ग यांनी आपापले लष्करी दप्तर आपल्याकडे ठेवले होते, म्हणून ते म्युनिकला आणि स्टुटगार्टला आजही पाहता येते. प्रशियाचे दप्तर पॉट्सडॅमला होते. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, इंग्रजी विमानांनी ते गाव भाजून काढले आणि त्यात ते जवळजवळ सगळे जळाले. म्हणून पहिल्या युद्धातला बव्हेरियन शिपाई शोधणे त्यातल्या त्यात सोपे आणि प्रशियन शोधणे महाकठीण. तो शत्रूच्या हाती कैद झाला असता तर रेड क्रॉसच्या जिनिव्हाच्या कार्डांत सापडला असता; ती २०१४ पासून सर्वांना खुली आहेत. पण त्यालाही नाव तर हवे. गावाचे नाव नाही, आडनाव नाही, आणि सिलेशियातला बहुतेक भाग आता पोलंडात आहे. सुतार एवढ्यावर कोणाला शोधायचे?

फोटो आजींनी भिंतीवरून काढलेला नाही. चौकट मात्र बदलून घेतली, दोन्ही बाजूंना काच असलेली, म्हणजे उलटी करून पत्र पाहता येते. विद्यार्थ्याकडून त्यांनी ते पत्र आजच्या अक्षरांत एका कागदावर मोठ्ठे लिहवून घेतले आणि चौकटीच्या मागे खोचून ठेवले. यंदाच्या नोव्हेंबरात मेणबत्त्या दोन लागणार आहेत, असे विद्यार्थी कळवतो. ही बातमी ऐकून आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "बघा, बाई शहाणी आहे."

पण आजींचा आणखी एक प्रश्न होता, आणि तो विद्यार्थ्याला स्वस्थ बसू देत नाही. "हात बरा झाल्यावर काढीन म्हणाले होते. मग काढला का?"

जानेवारी ते जुलै. मध्ये सहा महिने होते. हात बरा झाल्याशिवाय त्यांना पुन्हा आघाडीवर धाडले नसणार, आणि छावणीत फोटोग्राफरांची वाण नव्हती. आजीच्या डब्यात दुसरा फोटो नव्हता, हे खरे. परंतु प्रती सोबत्यांना वाटण्याची रीत होती. एका खाटेवरच्या माणसाचा फोटो दुसऱ्या खाटेवरच्याच्या घरी जातो, हे तर आपण पाहिलेच. तेव्हा आमचा विद्यार्थी आता दर शनिवारी जुन्या बाजारात जातो, चपलांच्या खोक्यांतली कार्डे एकेक करून पाहतो आणि १८० आकड्याची खांदेपट्टी दिसली की दोन-तीन युरो मोजून ते कार्ड घेतो. आतापर्यंत अशी सात जमली आहेत. सगळी मला येतात. पाच जणांच्या पाठीवर नावे आहेत, निराळी. सहावा ऐन पन्नाशीचा दिसतो. सातवा परवाच आला. तरुण आहे, बिल्ला काळाठिक्कर, गुंड्या झाकलेल्या, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा आहे. कार्डाची मागची बाजू कोरी आहे.

विद्यार्थ्याने विचारले आहे की, हे आजींना दाखवावे का. मी अजून उत्तर दिलेले नाही.